चोराचा कागद

मुक्काम नेरडीगोंडा
६ जानेवारी २०२५

सुधाकर,

अक्षर पाहून पत्र फेकू नोको. पह्यले वाच, मंग फेक. तुह्या फोनची घंटी वाजते अन् तू उचलत नाईस. गावात रेंज नाई, फोन लावाले मले टेकडीवर चढा लागते, अन् आता टेकडीवर जायची चोरी झाली. म्हणून हे पत्र. बाबा गेल्यापासून चोवीस वर्सं बहीण-भावात एक शब्द नाई, पण आज मले दुसरं कोणी आठवत नाई.

वर नेरडीगोंडा लिहिलं म्हणून मी गाव सोडलं असं समजू नोको. मी आपल्या गावातच हाय, बाबाच्या घरात, त्याच विहिरीवर, त्याच वांग्याच्या वावरात. पण कागदावर गावाचं नाव लिहाले माहा हात अजून धजत नाई. काऊन, ते तुले सांगा लागत नाई.

शाळेच्या भिंतीवर नोटीस लागली. जंगल वाघाचं झालं, गाव बाहेर काढायचं हाय. ग्रामसभेची मंजुरी पाह्यजे, अन् मंजुरीच्या आधी कोणाचा काय हक्क ते ठरलं पाह्यजे, असा कायदा हाय म्हणे. ग्रामसभा २० फेब्रुवारीले. चंपतराव आता वन हक्क समितीचा अध्यक्ष हाय. तोच, गोंडाच्या आळीतला, तुह्यासंग विटीदांडू खेळून तुहं कपाळ फोडलं होतं तो. त्यानं मले ओट्यावर बसवून समजावलं. म्हणे, "प्रयागबाई, आमी आदिवासी. २००५ च्या आधीपासून राह्यतो एवढं दाखवलं का आमचं भागते. तुमी माळी. तुमाले तीन पिढ्या दाखवा लागते, पंचाहत्तर वर्सं. म्हणजे १९३० च्याबी आधीचं कायतरी पाह्यजे."

मी म्हटलं, माह्या आजानं, आबानं खोदलेली विहीर हाय ना. तर म्हणे विहिरीवर तारीख कुठं हाय?

त्यात परवा जंगलखात्याचे साहेब आले. त्यांच्याजवळ १९८३ च्या मोजणीच्या रजिस्टरची झेरॉक्स. आपल्या घरासमोर काय लिहिलं हाय माहीत हाय ना? "हंगामी वस्ती. वांगी तोडणीपुरते. मूळ राहणार नेरडीगोंडा." मराठीत, शाईच्या पेनानं. साहेब म्हणाले, "अम्मा, हे तुमच्याच घरच्यानं लिहून दिलं. तुमीच म्हणता आमी इथले नाई." सारा गाव माह्याकडं पाहून राह्यला होता. मी खाली मान घातली.

तुह्याकडून दोन गोष्टी पाह्यजे. एक, बाबाची पत्र्याची पेटी. बाबाच्या तेराव्याले तू म्हणालास मले वावर नोको, घर नोको, पेटी दे. मी दिली. उलट मीच म्हटलं, त्यात आबाचा चोराचा कागद हाय तो जाळून टाक, उद्या जंगलवाल्याच्या हाती लागला तर पुन्हा धरतील. तो उर्दूतला कागद, आबाले जंगलात नांगर चालवताना धरलं होतं, नांगर जप्त केला होता, त्याचा. बाबानं तो जनमभर कोणाले दाखवला नाई, लाजेनं अन् भेवानं. आता चंपतराव म्हणते तोच कागद सोन्याचा. सरकारनंच आबाले इथं धरलं, म्हणजे आबा इथं होता!

जाळला का रे? खरं सांग. मले झोप नाई.

दुसरं, तू ये. रजिस्टरमंधलं ज्यानं लिहिलं त्यानं सभेत उभं राहून सांगावं का भेवापोटी खोटं लिहिलं, मंग ते खोडता येते, असं चंपतराव म्हणते. तवा तू सोळा वर्साचा होतास. पोरवयातली चूक. कोणी तुले काई म्हणणार नाई. मलेबी जुनं उकरायचं नाई.

प्रयागताई


मुक्काम नेरडीगोंडा
२५ जानेवारी २०२५

सुधाकर,

उत्तर नाई. बरं. बेल्लमपल्लीच्या तुह्या क्वार्टरात पत्र पोचत नाई असं तर नाई ना? का नाव पाहून वापस करतोस? वापस तरी आलं असतं तर कळलं असतं.

जंगलवाले दारावर लाल रंगानं सतरा आकडा टाकून गेले, उठवायच्या घराचा नंबर. मी वावरात होती, घरी येऊन पाह्यते तर दारावर हे. पुसाले गेली तर बयनाबाई वरडली, "हात नोको लावू व, गुन्हा धरतील!" आता दार उघडताना त्या आकड्यावर हात पडू देत नाई मी. काठानं ढकलते. हसशील तू.

बयनाबाई म्हणजे आपली शेजारीण, लेंगाबाबाची बायको, विसरला नसशील. पंच्याऐंशीच्या वर गेली, दात नाई, डोळे मातर गिधाडाचे. अजून जित्ती हाय अन् अजून माही चहापत्ती उसनी नेते.

पलीकडचं गाव मागल्या साली उठलं ते आमी म्हणत होतो मर्जीनं गेले. परवा मी अन् बयनाबाईची सून मोहं... नाई, मोहाचा हंगाम नाई, खोटं काऊन बोलू, चोरून पाहालेच गेलो होतो. घरं पाडली. भिंती नाईत. चुली मातर हायत रे, अंगणाअंगणात, मातीच्या, जशाच्या तशा. एका चुलीत कुत्री व्याली होती. मी तिथूनच मागं फिरली.

अन् वाघ. वांग्याच्या वाफ्यात पंजा उमटला, ओल्या मातीत, माह्या दोन्ही तळव्याएवढा. आधीबी यायचा, आपल्याले काय नवा हाय, आबा म्हणायचा त्याची वाट त्याले, आपली आपल्याले. पण आता मले वाघापेक्षा वाघासाठी झाडाले बांधलेल्या कॅमेऱ्याचं भेव वाटते. पाणी द्याले वाकली का वाटते कोणीतरी पाह्यते, लिहून घेते, बाई वाकली, बाई उठली. मोटरसायकलचा आवाज आला का मी विहिरीमागं होते. साठीची बाई, स्वतःच्या वावरात लपून राह्यली! बाबा असंच लपायचे, तवा आपण दोघं हसायचो.

बयनाबाईनं समितीपुढं जबानी दिली. म्हणे तुकाराम माळी, म्हणजे आपला आबा, माह्या सासऱ्याच्या जोडीले, दोघांनी मिळून विहीर खोदली, मी लग्न होऊन आली तवा विहिरीले पायऱ्याबी झिजल्या होत्या. चंपतरावनं सारं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. पण साहेब म्हणते जबानी एक सांगते अन् तुमच्या घरचा कागद दुसरं. लिहिणारा हजर करा.

मंग ते सारे उठून गेल्यावर बयनाबाई माह्याजवळ सरकली. हळूच म्हणे, "त्या दिशी मी तुह्या मायच्या चुलीपाशी बसून होती व." एवढंच. अन् चहापत्ती मागितली.

मी दिली. अर्धी भुईवर सांडली.

सुधाकर, पेटी तरी पाठव. बसच्या कंडक्टरजवळ दिली तरी नेरडीगोंड्याच्या स्टँडवरून मी घेईन. बाकीचं पाहू.

ताई


मुक्काम नेरडीगोंडा
६ फेब्रुवारी २०२५

सुधाकर,

तुहं कार्ड आलं. चाळीस वर्सांत तुहं पह्यलं अक्षर अन् त्यात एकच ओळ. "ताई, रजिस्टरमधलं अक्षर तुझं आहे, हे मला तेव्हापासून माहीत आहे."

मी कार्ड चुलीत घालाले गेली अन् नाई घातलं. आपल्या घरानं कागद जाळायचे लय बेत केले आजवर.

होय. माहं हाय.

आता सांगतेच सारं, अर्धं ठेवून काय करू. त्या आठवड्यात लेंगाबाबाले जीपमंधी घालून नेलं होतं, पोडू केलं म्हणून, जंगल तोडून शेती. माणूस महिन्यानं आला तो लंगडत. त्या दिशी पुन्हा जीपचा आवाज आला, बाबा मागच्या दारानं पळाले, तू शाळेत होतास. माय अन् बयनाबाई चुलीपाशी. मोजणीवाला तेलगू माणूस, चांगला होता रे, म्हातारा, पाणी मागून प्याला. त्याले मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणे, "चदुवु वच्चा? शिकली हाय का? मंग तूच लिही, तुमचं नाव, गाव, कधीपासून." अन् पेन माह्या हातात दिला.

बाबानं आपल्याले काय शिकवलं होतं? चालाले शिकलो नसू तवापासून. खाकी कपडा दिसला का म्हणायचं, आमी इथले नाई जी, वांगी तोडाले आलो, नेरडीगोंड्याचे हावो. तूबी म्हणायचास. तोतरं बोलायचास तवा "नेलडीगोंडा" म्हणायचास अन् गार्डबी हसायचा. राशनकार्ड तिथलं, मतदान तिथलं, जंगलाच्या नाक्यावरच्या वहीत राहणार तिथलं. मी तेच लिहिलं. मले वाटलं मी घर वाचवलं. माय म्हणाली, "शहाणी माही बाई," अन् माह्या तोंडावरून हात फिरवला.

पुढल्या साली बाबा वावराच्या पट्ट्याची अर्जी घेऊन तहसीलात गेले अन् तिथं त्यांच्यापुढं ते रजिस्टर उघडलं. घरी आले ते असे आले का मी त्यांचं तोंड अजून विसरली नाई. "तोंडानं म्हणायचं असते, हरामखोरांनो! लिहून द्यायचं नसते! माह्या बापाची विहीर नेरडीगोंड्याले नेऊन ठेवली! कोणी लिहिलं?" घरात लिहिता येणारे दोघंच. तू अन् मी.

मी तोंडानं तुहं नाव घेतलं नाई, सुधाकर. हेच मी चाळीस वर्सं स्वतःले सांगत आली. मी नाव घेतलं नाई. पण मी तुह्याकडं पाह्यलं. बाबा माह्याकडं पाहून होते अन् मी तुह्याकडं पाह्यलं, अन् तेवढ्यानं झालं. बैलाचा कासरा तुह्या पाठीवर तुटला. तू एक शब्द बोलला नाईस. मले वाटायचं तुले कळलंच नाई कोणी लिहिलं. असं वाटून घेणं सोयीचं होतं ना मले. अन् तू सतरा वर्साचं पोर पायी पायी नेरडीगोंड्यापर्यंत गेलास अन् मंग परत कुठं आलास? बाबाच्या तेराव्याले.

काऊन बोलला नाईस? माहं लग्न ठरलं होतं म्हणून? तसं असंल तर पाह्य, त्या लग्नाची काय दशा झाली. चार वर्सांत पांढरं कपाळ घेऊन मी याच घरात वापस आली. तुह्या जागेवर जेवली. तुह्या वाट्याचं वावर पिकवलं. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, पोरगी बरी निघाली, पोरानं नाव बुडवलं. अन् मी त्यांचे पाय चेपत ऐकून घ्यायची.

आता भेव ऐक. मले सभेत उभं राहून हे सांगा लागते. गावासमोर सांगायचं भेव वाटतेच. पण साहेब म्हणाले होते, सरकारी रजिस्टरात खोटं लिहून देणं गुन्हा होते. माह्यावर गुन्हा धरला तर? अन् सांगून बी हक्क नाई मिळाला तर? गुन्हेगारबी मीच अन् बेघरबी मीच. मंग माह्या चुलीत कुत्री व्यायली तर कोण पाहाले येईल?

पह्यल्या पत्रात मी तुले म्हटलं, तू येऊन सांग तू लिहिलं. लाज वाटली पाह्यजे होती मले. ते पत्र फाड. येऊ नोको. मीच सांगीन. पेटी पाठवायची तर पाठव, जाळली असशील तर तसं लिही. माहाच शब्द ऐकला म्हणून मी तुले काय म्हणू?

प्रयाग


मुक्काम पळसगुडा
२१ फेब्रुवारी २०२५

सुधाकर,

पेटी १८ तारखेले पोचली. कंडक्टर म्हणे बेल्लमपल्लीच्या एका बाबूनं मांडीवर मूल द्यावं तशी देल्ली, दहा वेळा सांगून. कुलूप होतं, चावी नव्हती. तू विसरलास का मुद्दाम, देव जाणे! चंपतरावनं कुऱ्हाडीच्या मागल्या बाजूनं तोडलं.

कागद वर होता. प्लास्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्यावर सरळ करून. एकबी घडी तुटलेली नाई. अन् त्याले टाचलेलं मराठी भाषांतर, निर्मल शहरच्या एका रिटायर उर्दू मास्तरानं करून देल्लेलं, सही-शिक्क्यासंग. चंपतरावनं मोठ्यानं वाचलं. सन १३३८ फसली, म्हणजे १९२८ च्या सुमाराचं. "नामे तुकाराम वल्द कोंडबा, जात माळी, साकिन मौजे पळसगुडा, यास जंगलात नांगर चालवताना पकडले. एक नांगर व दोन कुऱ्हाडी जप्त." मी विचारलं, साकिन म्हणजे काय? तो म्हणे, "राहणारा. तुमचा आबा इथं राहणारा होता, प्रयागबाई. शंभर वर्सांपाठी सरकारनंच लिहून ठेवलं."

आबानं आपलं गाव खरं सांगतलं होतं रे. धरलं, नांगर नेला, तरी खरं सांगतलं. खोटं बोलाले त्याच्यामागून आमी शिकलो.

मंग खाली तारीख पाह्यली. भाषांतराची. १४ जून २००९.

सोळा वर्सं! कायदा आल्या आल्या तू कागद घेऊन निर्मलले गेलास, करून घेतलं, पिशवीत घातलं अन् बसून राह्यलास? मी कवा लिहीन, कवा कबूल करीन, याची वाट पाहत? अरे माणसा, पह्यल्या खेपेले गावात अर्ज भरले गेले तवा हा कागद असता तर दारावर आकडा लागला नसता. मी चाळीस वर्सं भेवात काढली, तू सोळा वर्सं रागात. कोणाले काय म्हणावं? मले तुहा इतका राग आला का मी पेटीले लाथ मारली, अन् अंगठा सुजला. अन् मंग त्याच पेटीवर बसून लय रडली.

काल सभा झाली. शाळेच्या अंगणात, सकाळी दहाले. साहेब, दुसरे दोघं, सारा गाव. साहेबांनी रजिस्टर वाचलं, चंपतरावनं आबाचा कागद पुढं ठेवला, बयनाबाईची जबानी ठेवली. साहेबांनी कागद उलटापालटा करून पाह्यला अन् म्हणाले, मान्य, पण १९८३ मधी ज्यानं हंगामी लिहिलं तो कुठं हाय? सारे म्हणाले, तो सुधाकर, तो गेला बेल्लमपल्लीले, तोच तसला. गावात चाळीस वर्सं तुहं हेच नाव हाय.

मी उठली. म्हटलं, मी लिहिलं. सुधाकरनं नाई. मी, अठरा वर्साची, चुलीपाशी बसून, भेवानं. बाबाले वाटलं त्यानं लिहिलं, अन् मी तसं वाटू देल्लं.

बयनाबाई बसल्या जागेवरून म्हणे, "चला, बोलली एकदाची. मले वाटलं मी मेल्यावर बोलते का काय!" त्यावर दोघं-तिघं हसले, अन् मलेबी श्वास आला.

साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. म्हणे, लिहून द्या, पण समजून द्या, यावरून तुमच्यावर कारवाई होऊ शकते. मी विचारलं, कारवाई झाली तरी विहीर आबाचीच राह्यते ना? त्यांनी कागदावर पेन ठेवला. मी पेन घेतला. मी प्रयागबाई, वडिलाचं नाव गणपत, आजाचं नाव तुकाराम, राहणार... अन् तिथं हात अडकला रे. साठ वर्सांत तो शब्द मी कवा लिहिलाच नव्हता. अक्षर कसं काढायचं तेच सुचेना. लिहिला. वाकडा आला, पण लिहिला. सभेनं आपला दावा मंजूर करून वर पाठवला. गाव उठवाले मंजुरी देल्ली नाई, सारे हक्क ठरल्यावर बोलू म्हणून ठराव केला.

वर काय होईल माहीत नाई. दारावर सतरा तसाच हाय. आज सकाळी मोटरसायकलचा आवाज आला अन् मी पुन्हा विहिरीमागं गेली, सवय कुठं जाते. खरं सांगू, भेव कमी झालं नाई. उलट आधी घर जायचं भेव होतं, आता जेलचंबी हाय. पण बाहेर आली मी, लपून बसली नाई. उभी राह्यली. तो गार्ड मोटरसायकल थांबवून म्हणे, "वांगी देता का अम्मा, अर्धा किलो?" मी देल्ली, किडकी एकबी घातली नाई.

तू ये. आता कोणासाठी काई सांगाले नोको, नुसता ये. तुह्या पाठीवर बाबाच्या कासऱ्याचा वळ असंल तर मले तो पाहायचा हाय. सकाळच्या बसनं ये, चारनंतर नाका बंद होते. नाक्यावर वही पुढं करतील. नाव, कोणाकडं, किती दिवस, राहणार कुठं. कोणाकडंच्या रकान्यात माहं नाव लिहू नोको, तू पावणा नाईस, तिथं रेघ मार. किती दिवसाच्या रकान्यातबी रेघ मार. अन् शेवटच्या रकान्यात पळसगुडा लिही. तिथला पेन चालत नाई, आपला घेऊन ये.

तुही ताई